मुलांच्या हातची भवानी

दसरा आणि दिवाळी यांच्यामध्ये वीस दिवस असतात. नाशिकमध्ये हे दिवस प्रदर्शनांचे. मैदानांवर मोठे मंडप उभे राहतात, मंगल कार्यालये लग्नसराई सुरू होईपर्यंत विक्रीमेळ्यांना दिली जातात, आणि ज्यांना या दोन्हींचे भाडे परवडत नाही अशी महिला मंडळे समाजाच्या सभागृहात किंवा सोसायटीच्या वाहनतळात टेबले मांडतात. पेठ-सुरगाण्याकडचे नागलीचे पापड, बांबूच्या टोपल्या, उटणे, रंगवलेल्या पणत्या, आकाशकंदील, तोरणे, कापडी पिशव्या असा माल तेथे असतो. गेल्या काही वर्षांत या रांगेत एक नवे टेबल दिसू लागले आहे. त्याच्यामागे उभ्या असलेल्या विक्रेत्याची हनुवटी टेबलाच्या जेमतेम वर येते. हाताने केलेली शुभेच्छापत्रे, मण्यांच्या माळा, सुगंधी मेणबत्त्या, पुस्तकात घालायच्या खुणा असा त्याचा माल, आणि भावाची पाटी रंगीत खडूंनी लिहिलेली.

या टेबलाचे कौतुक सर्वांनाच असते. व्यापारी घरांत ते थोडे अधिक असते, आणि त्याला कारण आहे. भांडीबाजारात, रविवार कारंज्यावर किंवा तालुक्याच्या पेठेत ज्यांची दुकाने होती, त्या घरांतील मूल शाळा सुटली की गल्ल्याशेजारी येऊन बसत असे. पुडी बांधणे, सुतळी बोटाभोवती गुंडाळून तोडणे, तराजूची दांडी स्थिर होईपर्यंत थांबणे, उधारी थकलेल्या गिऱ्हाइकाशी कोणत्या आवाजात बोलावे, हे त्याला कोणी समोर बसवून शिकवले नाही. ते त्याने पाहिले. (गल्ल्यात हात घालण्याची परवानगी मात्र बऱ्याच वर्षांनी मिळे.) आता त्याच घरांतील मुले परगावी नोकरीत आहेत, आणि जो व्यवसाय घरात राहिला आहे तोही बराचसा मोबाइलच्या पडद्यावर चालतो. नातवंडांनी पाहिलेले दुकान म्हणजे मॉल. त्यामुळे नातीला टेबलामागे उभी पाहून आजोबांना जे वाटते, त्यात आपल्या बालपणाचाही वाटा असतो.

पूर्वीच्या दुकानात आणि आजच्या टेबलात एक मोठा फरक आहे. दुकानात येणारे गिऱ्हाईक परके असे. प्रदर्शनातील मुलाच्या टेबलावर येणारे पहिले गिऱ्हाईक बहुधा आत्या असते.

अशाच एका घरातील सातवीत शिकणारी मुलगी. वडिलांचा औषधांच्या वितरणाचा व्यवसाय, आईला शिवणाची आवड, आणि आजोबा भुसार मालाच्या दुकानातून दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. राज्यात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून घरात कापडी पिशव्या शिवल्या जातच होत्या. उरलेल्या तुकड्यांतून मुलीने बटवे करायला घेतले. आजीने दोन जुन्या साड्या काढून दिल्या. येवल्याची पैठणी मात्र तिने कपाटातून बाहेरही काढली नाही. तळासाठी गोल तुकडा कापायचा, अस्तर जोडून उलटवायचे, नेफा करून नाडी ओवायची आणि नाडीच्या टोकांना मणी बांधायचे, एवढे मुलीला जमू लागले. यंत्रावरची लांब शिवण आई घालून देई. महिनाभरात चोवीस बटवे झाले. मंडळाच्या प्रदर्शनात टेबल मिळाले, त्याचे तीनशे रुपये भाडे आईने भरले. एका बटव्याला पन्नास रुपये हा भाव ठरला, तो पन्नासाची नोट सर्वांजवळ असते आणि सुट्या पैशांचा घोळ होत नाही, या एका विचाराने.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी पहिला बटवा गेला. आजोबांनी सांगून ठेवल्याप्रमाणे मुलीने ती नोट कपाळाला लावून पत्र्याच्या डब्यात ठेवली. व्यापाऱ्याच्या दिवसाची ही पहिली विक्री, भवानी. त्यानंतर मात्र डब्याला फारसे काम उरले नाही. टेबलावर आईच्या खात्याचा क्यूआर कोड चिकटवलेला होता; लोक फोन पुढे करत, आणि पैसे आल्याची सूचना मागच्या खुर्चीवर बसलेल्या आईच्या पर्समध्ये वाजे. पहिल्या अर्ध्या तासात अकरा बटवे गेले. घेणाऱ्यांत दोन आत्या, एक मावशी आणि आईच्या मैत्रिणी होत्या.

शेजारच्या टेबलावर दिंडोरी तालुक्यातील एका बचत गटाच्या बाई होत्या. त्यांच्याकडे पिशव्या होत्या, पायपुसणी होती आणि बटवेही होते. त्यांच्या बटव्याचा भाव दीडशे रुपये. सकाळी गिऱ्हाईक थांबले की त्या बटवा उलटा करून आतली दुहेरी शिवण दाखवत, नाडी ओढून दाखवत. थोड्या वेळाने गिऱ्हाइके एकच प्रश्न विचारू लागली: "शेजारी पन्नासला आहे, तुमचा दीडशेला कसा?" बाईंनी भाव एकशेवीसवर आणला, मग शंभरावर. दुपारी चारच्या सुमारास त्यांनी बटवे गोळा करून पिशवीत भरले आणि टेबलावर फक्त पायपुसणी ठेवली.

गर्दी ओसरल्यावर त्या मुलीच्या टेबलाशी आल्या. एक बटवा हातात घेऊन म्हणाल्या, "बाळा, अस्तर फार चांगलं लावलंस गं. कितीला पडलं?"

"मम्मीने आणलं होतं."

"आणि ही नाडी?"

"तीपण मम्मीनेच आणली, मावशी."

बाई हसल्या, "छान केलंस" म्हणाल्या आणि आपल्या जागेवर गेल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. संध्याकाळपर्यंत मुलीचे चोवीसही बटवे संपले. मंडळाने तिला प्रमाणपत्र दिले, छायाचित्रे निघाली, आणि बाराशे रुपयांचा आकडा रात्रीपर्यंत साऱ्या नातेवाइकांना कळला.

"दादाजी, मला बाराशे रुपये नफा झाला," असे मुलीने सांगितले तेव्हा आजोबांनी एक कोरी वही काढली. "बाराशेची विक्री झाली बेटा. नफा अजून मोजायचा आहे."

सुनेला हे रुचले नाही. "पप्पा, आजच कशाला? लहान आहे ती." या म्हणण्यात तथ्य होते. मूल दिवसभर उभे राहिले होते, आनंदात होते, आणि मुलांच्या उद्योगात आनंदाची किंमत कमी नसते. पण आजोबांचे उत्तरही विचार करण्यासारखे होते: लहान आहे म्हणून आकडेही लहान आहेत, आत्ताच मोजता येतील.

आईने आठवून आठवून आकडे सांगितले. एका बटव्याला अस्तर अठरा रुपयांचे, नाडी बारा रुपयांची, मणी दहा रुपयांचे, वरची लेस पंधरा रुपयांची. एकूण पंचावन्न. पन्नास रुपयांना विकलेला बटवा मुळात पंचावन्नाला पडला होता. चोवीस बटव्यांचे सामान तेराशे वीस रुपयांचे, त्यात टेबलाचे तीनशे, म्हणजे नावे बाजूला सोळाशे वीस आणि जमा बाजूला बाराशे. चारशे वीस रुपये तोटा. साड्या फुकट धरल्या होत्या. मुलीची आणि आईची मजुरी तर मोजलीच नव्हती.

मुलगी थोडा वेळ वहीकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "म्हणजे त्या मावशींचा दीडशे भाव जास्त नव्हता?"

तोही हिशोब मांडला गेला. सामान आणि भाडे मिळून एका बटव्याला साडेसदुसष्ट रुपये. एका बटव्याला दीड तास लागतो. तासाला चाळीस रुपये एवढी माफक मजुरी धरली तरी साठ रुपये. एकशे साडेसत्तावीस झाले. दीडशेतून उरले साडेबावीस, आणि त्यातून एसटीचे भाडे जायचे. अस्तर-नाडी घाऊक भावाने मिळत असेल तर थोडे अधिक उरत असेल. शंभराला विकलेल्या बटव्यात मात्र बाईंनी आपल्या मजुरीतलाच मोठा हिस्सा सोडून दिला होता, आणि शेवटी पिशवीत भरलेले बटवे तर विकलेच गेले नव्हते.

पेठेत याला भाव तोडणे म्हणत, असे आजोबांनी सांगितले. ज्याच्यामागे भांडवल आहे तो तोडतो, ज्याचे पोट त्यावर आहे तो मोडतो. मुलीमागचे भांडवल आईच्या पर्समध्ये होते, म्हणून ते कोणाला दिसले नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोटी मापे वापरणे आणि नकली वस्तू खरी म्हणून देणे, हे त्यांतील दोन थेट दुकानाच्या फळीवरचे आहेत. मुलीच्या हातून यांतले काही घडले नव्हते. तिचे माप खरे होते, मालही उत्तम होता. आई-वडिलांच्या खर्चाने स्वस्त झालेला भाव त्या पाचांत कोठे बसवावा, हे जाणकारांनी ठरवावे. बाईंच्या घरी त्या दिवशी जे कमी गेले, त्याचा हिशोब मात्र कोणाच्या तरी वहीत यायला हवा होता.

हा प्रश्न नवा नाही. १९३७ च्या जुलैमध्ये गांधीजींनी 'हरिजन'मध्ये मांडले की शाळेत मुलांनी हस्तोद्योग शिकावा आणि त्या मालातून शाळेचा खर्च निघावा. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या २२ आणि २३ तारखांना वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने पुढे जी मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली, तिचा उगम तेथे झाला. त्या परिषदेत अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी आक्षेप घेतला. शाळांना इमारत, साधने आणि कच्चा माल दुसरा कोणी देणार. अशा शाळांतील मुलांचा माल बाजारात उतरला तर त्याच धंद्यावर जगणाऱ्या कारागिराशी ती विषम स्पर्धा ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. हा माल राज्याने विकत घ्यावा, ही अट गांधीजींनी आधीच घातलेली होती. शाळांचा माल असा नियमाने विकत घेणारे राज्य पुढे कोठे दिसले नाही. आज मेळ्यांत मुलांची टेबले मांडताना शहांचा आक्षेप कोणाला आठवत नाही, याचे नवल वाटत नाही. टेबल एवढेसे असते. पण पोटासाठी विकणारीचे टेबलही तेवढेच असते.

शहराबाहेरच्या मुलांना हे गणित फारसे शिकवावे लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत बाल आनंद मेळावा भरतो, कोठे त्यालाच आठवडी बाजार म्हणतात. मुले घरच्या शेतातील मेथी, कोथिंबीर, कांदे, लिंबे घेऊन येतात, कोणी भेळ करते, आणि शिक्षक व पालक गिऱ्हाईक होतात. निफाडकडच्या चौथीतल्या मुलाला जुडीचा भाव विचारला तर तो आधी शेजारच्या पोत्याकडे पाहतो. लासलगावला कांद्याचे काय झाले, यावर त्याच्या घरी रात्रीचे जेवण शांत होते किंवा होत नाही. मालाला खर्च लागतो आणि भाव आपल्या हातात नसतो, या दोन गोष्टी त्याने शाळेत येण्यापूर्वी ऐकलेल्या असतात. शहरातील मुलाला त्या मुद्दाम दाखवाव्या लागतात.

मंडळाच्या बैठकीत पुढच्या वर्षी हा विषय निघाला. मुलांची टेबले बंदच करावीत असे एक मत होते, ते टिकले नाही. वेगळा बालविभाग करावा असे दुसरे. त्याने गिऱ्हाइकांचे विचारणे थांबत नाही, फक्त चार पावले लांब जाते. शेवटी ठरले ते असे. टेबल मागणाऱ्या मुलाने अर्जासोबत एका पानावर आपल्या हाताने खर्च लिहून द्यायचा, घरातून मिळालेल्या सामानासह, आणि त्याखाली भाव ठेवायचा नाही. तोच माल पोटासाठी विकणाऱ्या विक्रेत्याच्या शेजारी मुलाचे टेबल लावायचे नाही. पालकांनी मागे बसावे, गिऱ्हाइकाशी बोलू नये. डब्यात रोख आली किंवा फोनवर पैसे आले, प्रत्येक विक्री मुलाने तत्क्षणी वहीत लिहायची. आणि नातेवाइकांनी दुपारी दोननंतर खरेदी करावी. या शेवटच्या नियमावर बैठकीत सर्वांत जास्त हसू आले आणि सर्वांत जास्त वादही झाला. एका आजींनी तो पाळणार नाही असे तेथेच जाहीर केले.

कायद्याची बाजूही पाहिली गेली. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीला करार करता येत नाही, म्हणून टेबलाची नोंद पालकाच्या नावे हवी. बँकेचे बचत खाते मात्र दहा वर्षांवरील मुलाला स्वतः चालवता येते. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली बँकांना तशी मुभा दिली आहे. सर्वांत महत्त्वाचा मुद्दा बालमजुरीचा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला घरच्या उद्योगात शाळेनंतर किंवा सुट्टीत मदत करता येते, तीही धोक्याचे काम नसेल आणि अभ्यासाला बाध येत नसेल तरच. वर्षातून एक दिवस मांडलेल्या टेबलाला यातून भय नाही. भय आहे ते कौतुकाच्या पुढच्या पायरीचे. बटवे आवडलेल्या एका काकूंनी मुलीच्या आईकडे लग्नाच्या आहेरासाठी दोनशे बटव्यांची मागणी नोंदवली होती, पंधरा दिवसांच्या मुदतीने. आई क्षणभर मोहात पडली होती. दोनशे बटवे म्हणजे तीनशे तास. तो खेळ राहत नाही आणि शिक्षणही राहत नाही. आईने ती मागणी दिंडोरीच्या गटाकडे पाठवली. गटाने ती घेतली की नाही, हे पुढे कळले नाही.

दुसऱ्या वर्षी मुलीने पुन्हा बटवेच केले, पंधरा. दुसरे काही कर असे आईने सुचवले होते, पण हाताला जे येत होते ते तिला सोडवेना. अस्तर आणि नाडी आणायला ती आजोबांबरोबर कापडपेठेत गेली, तीन दुकानांत भाव विचारले, लेस गाळली आणि सामान बेचाळीस रुपयांवर आणले. अर्ध्या टेबलाचे दोनशे रुपये स्वतःच्या बचतीतून दिले. भाव एकशेचाळीस ठेवला. दिवाळीच्या आधीचा रविवार होता, गर्दी चांगली होती. एका ओळखीच्या बाईंनी बटवा हातात घेऊन विचारले, "मागच्या वर्षी पन्नासला होता ना गं?" मुलीने बटवा उलटा केला, आतली दुहेरी शिवण दाखवली, नाडी ओढून दाखवली. बाईंनी तो खाली ठेवला आणि त्या पुढे गेल्या. असे दिवसभरात अनेकदा झाले. दिंडोरीच्या त्या बाई त्या वर्षी आल्या नव्हत्या. का, ते मंडळाच्या वहीत लिहिलेले नव्हते. मुलीने दोनदा तसे विचारले.

सात बटवे विकले गेले. त्यांतील तीन परक्यांनी घेतले, आणि एका तरुणाने तर भाव न विचारता दोन घेतले. त्याचे मुलीला इतके आश्चर्य वाटले की सुटे पैसे परत द्यायचे राहिले आणि ती त्याच्यामागे दारापर्यंत धावली. आत्या दोननंतर आल्या. त्यांनी नियम पाळला, भावाबद्दल थोडी कुरकुर केली आणि दोन बटवे घेतले.

रात्री वही उघडली. जमा नऊशे ऐंशी. सामान सहाशे तीस, भाडे दोनशे, नावे आठशे तीस. हाती एकशे पन्नास रुपये आणि टेबलावर न विकलेले आठ बटवे. मागच्या वर्षीच्या बाराशेपुढे हा आकडा आईला केविलवाणा वाटला, पण ती काही बोलली नाही.

"दादाजी, हे आठ कोणत्या भावाने लिहायचे? एकशेचाळीसने लिहिले तर खूप नफा दिसतो."

"विकले नाहीत तोवर एकशेचाळीस कुठून आले? पडले त्या भावाने लिही. आणि बाजारात त्याहूनही कमी मिळणार असतील, तर त्या कमी भावाने."

मुलीने विचार केला. एका बटव्याचा मणी सैल होता, तो तिने बाजूला ठेवला, पुन्हा उचलून पाहिला आणि सात जणांबरोबर ठेवून दिला. मग लिहिले: शिल्लक माल, बटवे, नग ८, दर ४२, एकूण ३३६. दिवाळीला वहीपूजन होते तेव्हा दुकानाच्या वह्यांशेजारी ही वहीही ठेवायची का, हे तिने आजीला विचारायचे ठरवले, आणि मणी शिवायला सुई शोधू लागली.